'बसायचं का?': कुणाबरोबर बसलो आणि कितव्या वर्षी बसलो

आमच्याकडे कोकणात कोणी दारू 'पीत' नाही, आमच्याकडे सगळे 'बसतात'. "काय, आज बसायचं का?" एवढं विचारलं की कशासाठी ते सांगावं लागत नाही, आणि "तो काल बसलेला" म्हटलं की पुढचं काय झालं तेही कोणी विचारत नाही. क्रियापदात दारूचं नावसुद्धा नाही. जे आहे ते बसणं, म्हणजे जागा, वेळ आणि बाजूला कोण बसलंय ते. दारूवर गेली पन्नास-साठ वर्षं जो अभ्यास झालाय त्यातला बराचसा फिरून फिरून इथेच येतो, की माणूस मोठेपणी कसा पिणार हे बाटलीत काय आहे यापेक्षा तो कुठे, कुणाबरोबर आणि कितव्या वर्षी पहिल्यांदा बसला यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा सोळाचा होतो. शिमगा, रोंबाट (वाजतगाजत निघणारी मिरवणूक) जोरात चाललेलं, आणि आम्ही पाच पोरं मांगराच्या, म्हणजे शेतावरच्या झोपडीच्या, मागे. एकाचा चुलतभाऊ मुंबैहून आलेला, त्याच्याकडे गोव्याच्या दोन क्वार्टर. "घे रे वायच, काय्येक होवचा नाय." स्टीलचा एकच पेला, त्यात कोल्ड्रिंक, आणि कोणाचा तरी आबा बॅटरी घेऊन इकडे येईल म्हणून सगळं दहा मिनिटांत उरकलं. चव कशी होती ते आठवत नाही, घाई आठवते. त्या पाचातला एक जण परत कधी शिवला नाही. एक जण चाळिशीच्या आत गेला, घरचे कावीळ सांगतात. एकाने पंधरा वर्षं सगळं केलं आणि मग माळ घातली. उरलो मी आणि अजून एक, आम्ही मे महिन्यात आणि विसर्जनानंतर कधीतरी बसतो. दारू तीच, रात्र तीच, पेला तर एकच होता. मग एवढा फरक का?

थोडं रक्तात असतं, हे आधी सांगून टाकतो. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं की व्यसनाच्या शक्यतेतला साधारण अर्धा भाग अनुवंशाचा आहे. त्यामुळे ज्याच्या बापाला व्यसन होतं त्याने जरा जास्तच सांभाळावं, हे आजीचं म्हणणं बरोबरच. पण उरलेला अर्धा भाग बाहेरचा आहे आणि आपण बोलूया त्याबद्दल, कारण रक्त काय बदलता येत नाही.

आधी हिशोब करू, कारण आपल्या बसण्याचं माप क्वार्टर आहे आणि या मापाकडे कोणी नीट बघितलेलंच नसतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की, रम, जे काय असेल त्यावर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम. आता जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर त्याला अति-पिणं म्हणते. म्हणजे आमच्याकडे "एकच क्वार्टर मारली, जास्त नाय" हे जे वाक्य आहे ना, ते बरोबर त्यांच्या अति-पिण्याच्या रेषेवर येऊन बसतं. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम निपटवतं, म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास लागतात. रात्री साडेअकराला संपवलेली क्वार्टर पहाटे मासे उतरवायला जेटीवर बाईकने जाणाऱ्याच्या अंगात अजून असते, तो झोपून उठला आणि तोंड धुतलं म्हणून काय ती जात नाही.

माझा आजा माडी प्यायचा. माड काढणारा संध्याकाळी आणून द्यायचा, पडवीत बसून एक पेला, क्वचित दोन, मग जेवण. आजी समोर तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तिचं लक्ष असायचं. माडीत अल्कोहोल बियरच्या आसपास, चारपाच टक्के, आणि ती टिकत नाही, दुसऱ्या दिवशी आंबट होऊन जाते, त्यामुळे कपाटात लपवून ठेवायचा प्रश्नच नाही. शिवाय पोट भरतं. एका क्वार्टरमधलं अल्कोहोल माडीतून घ्यायचं म्हटलं तर पावणेदोन लिटर प्यावी लागेल, आजा त्याआधीच झोपला असता. म्हणून "आमच्या म्हाताऱ्यांनी जन्मभर घेतली, त्यांना काय झालं?" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, काय घेतली आणि कुठे बसून घेतली? (सगळे म्हातारे असे नव्हते, हेही खरं. आजाच्याच वयाच्या कितीतरी माणसांना हातभट्टीने खाल्लं आणि त्यांच्या बायकांनी काय काढलं ते त्या बायकांनाच माहीत. जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाहीये.)

पडवीतून दारू मांगरामागे कधी गेली? एक कारण कायद्यातच आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि महाराष्ट्रात आजही कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलं. आतला काळोख, पडदे, रस्त्याकडे पाठ करून मांडलेली टेबलं, ही चोरी करायची जागा असल्यासारखी सगळी रचना. आणि दुसरं कारण आपण स्वतः. घरात चालत नाही, बायको-आईसमोर चालत नाही, म्हणून व्हाळावर, जेटीच्या मागे, गाडीच्या डिकीवर. आता लपून पिणारा माणूस हळू कसा पिणार? त्याला घाई असते, वास येऊ नये अशी काळजी असते, परत घरी वेळेत जायचं असतं, आणि जेवण घरी असतं म्हणून पोट रिकामं. कमी वेळात जास्त चढणारी गोष्ट मग बियरपेक्षा परवडते आणि खिशात मावते. आपल्या देशात नोंद होणाऱ्या दारूपैकी (आतल्या अल्कोहोलच्या हिशोबाने) ९० टक्क्यांहून जास्त कडक दारू असते, व्हिस्की-रम-देशी या जातीची, त्यामागे कर आणि किंमत वगैरे भानगडी आहेतच पण हा लपण्याचा भागही आहे असं मला वाटतं. भारतात न पिणारेच जास्त आहेत. पण जे पितात त्यातले बरेच जण दणकून पितात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के दारू घेणारे निघाले, आणि ५.२ टक्के असे की ज्यांचं पिणं स्वतःच एक प्रॉब्लेम झालेलं आहे. म्हणजे तीन पिणाऱ्यांमागे एक.

वातावरणाचा फरक किती पडतो त्याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बॉस्टनचं आहे. तिथे १९४० च्या आसपास गरीब वस्तीतली ४५६ पोरं निवडून त्यांच्यावर पुढे कित्येक दशकं लक्ष ठेवलं गेलं. जॉर्ज व्हेलंट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्यांच्या दारूचा हिशोब काढला तेव्हा आयरिश घरांतल्या मुलांमध्ये दारूचं व्यसन हे इटलीकडच्या, भूमध्य समुद्राकाठच्या घरांतल्या मुलांच्या सातपट निघालं. शहर एक, गरिबी एक. इटालियन घरात वाइन जेवणाच्या ताटाशेजारी असायची, पोरं ती बघत मोठी व्हायची, आणि दारू पिऊन झिंगणं ही लाज वाटायची गोष्ट होती. आयरिश घरात पोरांना हात लावायची बंदी, मोठ्या पुरुषांनी घराबाहेर पबमध्ये जाऊन प्यायचं, आणि झिंगून आला तर लोक हसून सोडून द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला बॉस्टन नाही, आमची वाडी दिसली. आमच्याकडे पोराला बंदी, मोठ्यांनी बाहेर जाऊन प्यायचं, आणि हळदीला कोणी गटारात पडला तर दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करून हसायचं. त्याच्या बायकोच्या तोंडाकडे कोणी बघत नाही ते वेगळंच.

आता बाजूला बसलेल्या माणसाचं बघू. ॲलन मार्लॅट म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७३ मध्ये एक मजेशीर प्रयोग केला. चव बघायच्या निमित्ताने लोकांना ग्लास दिले. काहींना सांगितलं यात व्होडका आहे, काहींना सांगितलं नुसतं टॉनिक आहे, आणि दोन्हीकडे अर्ध्या लोकांना खोटं सांगितलेलं. तर ज्यांना 'व्होडका आहे' असं वाटत होतं ते जास्त प्यायले, मग ग्लासात व्होडका असो नसो. १९७५ मध्ये दुसऱ्या प्रयोगात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पिणाऱ्याच्या सोबत आपला एक माणूस बसवला, तो भराभर प्यायला लागला की दुसराही भराभर, तो सावकाश तर दुसराही सावकाश. म्हणजे आपला वेग आपण ठरवतच नाही, समोरच्याचा ग्लास ठरवतो. आमच्याकडे तर याला पद्धतच आहे, राउंड संपला की सगळ्यांचे ग्लास एकदम भरायचे, आणि ज्याचा अर्धा शिल्लक आहे त्याला "काय रे, ताक पितंस काय?" म्हणून विचारायचं. त्यात भर म्हणजे पोरांना नेहमी वाटतं की बाकीचे आपल्यापेक्षा जास्त पितात. अमेरिकन कॉलेजांत १९८६ पासून हे परत परत मोजलंय. प्रत्यक्षात पितात त्यापेक्षा जास्त पितात असं प्रत्येकाला इतरांबद्दल वाटतं, आणि मग त्या खोट्या सरासरीच्या मागे सगळे धावतात.

जागासुद्धा लक्षात राहते, म्हणजे तुमच्या नाही, तुमच्या शरीराच्या. रोज त्याच कट्ट्यावर बसणाऱ्याचं शरीर त्या कट्ट्यावर पोचल्या पोचल्या तयारीला लागतं, दारूच्या विरुद्ध काम करणारी यंत्रणा आधीच सुरू करून ठेवतं, म्हणून तिथे दोन क्वार्टर 'पचते'. तोच माणूस पुण्यात भाच्याच्या लग्नाला गेला, अनोळखी हॉल, अनोळखी माणसं, तेवढ्याच दारूत आडवा. मग सगळे म्हणतात दारू भेसळीची होती. उंदरांवर हे दारूच्या बाबतीत तपासून झालंय, आणि हेरॉइनच्या बाबतीत तर शेपर्ड सिगल यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सवयीच्या खोलीत मोठा डोस दिला तर साधारण ३२ टक्के उंदीर मेले, तोच डोस नव्या खोलीत दिला तर ६४ टक्के. दुसऱ्या बाजूने बघितलं तर, मुंबईत सहा-सहा महिने न पिणारा चाकरमानी कोकणकन्येतून उतरला आणि गावच्या फाट्यावरचा वडाचा झाड दिसला की त्याला तहान लागते ती याच कारणाने. खोटं बोलत नाही तो, खरंच लागते.

याचीच उलट बाजू व्हिएतनाम युद्धात दिसली. तिथे अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचातल्या एकाला हेरॉइनचं व्यसन लागलेलं, सरकार घाबरलेलं की हे परत आल्यावर काय होणार. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ नंतर त्यांचा माग काढला तर घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले पाच टक्केच परत व्यसनात पडले. जंगल गेलं, ते सोबती गेले, तो कंटाळा आणि ती भीती गेली. खलाशांमध्ये मी हे दरवर्षी बघतो. दर्यावर आठ-दहा दिवस थेंब नाही, बोटीवरून पाय खाली ठेवला की सुरू, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तर बंदराशेजारच्या गल्ल्यांमधून संध्याकाळी बायका-पोरं जात नाहीत. हात रिकामा, पाऊस, आणि सगळे एकत्र.

आता वयाकडे. अमेरिकेत १९९२ मध्ये मोठा सर्वे झाला, त्यातल्या २७,६१६ पिणाऱ्या किंवा पूर्वी पिणाऱ्या लोकांचा हिशोब ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये मांडला. पंधराच्या आत सुरू केलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी व्यसन जडलेलं होतं, आणि वीस किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांपैकी साधारण १० टक्के. सुरुवात एकेक वर्ष पुढे जाईल तशी शक्यता १४ टक्क्यांनी कमी. हे आकडे तिकडचे, पण आपल्या अगदी दारातलाही एक अभ्यास आहे. उत्तर गोव्यातल्या १८९९ पुरुषांना विचारलं गेलं, तर १९५६ ते ६० मध्ये जन्मलेल्यांत किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांचं प्रमाण १९.५ टक्के होतं, आणि १९८१ ते ८५ मध्ये जन्मलेल्यांत ७४.३. पंचवीस वर्षांत! आणि लवकर सुरू केलेल्यांमध्ये पुढे व्यसन, दारूच्या नादात झालेली इजा, मनाची घालमेल, सगळंच जास्त. १९८१ ते ८५ म्हणजे माझ्याच आसपासची पिढी, आणि गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे एक प्रकारचं पाणी आणि अलीकडे दुसरं असं काही नसतं.

लवकर का वाईट? मेंदूचा मजा शोधणारा भाग पंधरा-सोळाला फुल स्पीडमध्ये असतो, आणि कपाळामागचा, 'थांब, उद्या काय होईल' असं म्हणणारा भाग तयार व्हायला पंचविशी येते. होडीला इंजिन बसलंय आणि सुकाणू अजून सुताराकडे. त्या वयात जे शिकतो ते खोल बसतं, पोहणं असो, सायकल असो की दारू. त्यातून आणखी एक भानगड अशी की कोवळ्या वयात दारूने येणारी सुस्ती कमी जाणवते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत नीट दिसलंय, पण चारचौघांत मोकळं वाटणं मात्र जास्त जाणवतं. म्हणजे 'पुरे' सांगणारी घंटा बारीक आणि 'अजून' सांगणारा ढोल मोठा.

इथे "आपल्याला चढत नाय" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आमच्यातला जो गेला तो हेच म्हणायचा. मार्क शुकिट यांनी विशीतल्या पोरांना मोजून दारू दिली, किती चढते ते तपासलं आणि सुमारे दहा वर्षांनी परत जाऊन भेटले. ज्यांचे वडील व्यसनी होते त्यांच्यात, कमी चढणाऱ्यांपैकी ५६ टक्के तोवर व्यसनी झालेले, आणि नीट चढणाऱ्यांपैकी १४. चढणं हा शरीराचा चौकीदार आहे, ज्याला चढत नाही त्याचा चौकीदार झोपलेला. आम्ही मात्र त्याला 'टाकी' म्हणून पाठ थोपटायचो.

पण थांबा, एक शंका इथे यायलाच पाहिजे. लवकर पिणाऱ्याला दारूमुळे व्यसन लागलं, की जो पोरगा तसाही बंडखोर, घरात भांडणं, बाप पिणारा, तोच लवकर पितो आणि तोच पुढे व्यसनी होतो? म्हणजे वय हे कारण की नुसती खूण? जुळ्यांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात १९९९ मध्ये असंच निघालं की दोन्हीच्या मुळाशी बरंचसं एकच काहीतरी, अनुवंशाचं, आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण एक पुरावा मला वजनदार वाटतो. अमेरिकेत मध्यंतरी काही राज्यांनी पिण्याचं कायदेशीर वय १८ वर आणलेलं, मग १९८४ च्या कायद्यानंतर सगळीकडे २१ झालं. म्हणजे नुसतं कुठे आणि कधी जन्मलो यावर काही पोरांना अठराव्या वर्षी दुकान उघडं मिळालं आणि काहींना नाही, त्यात बंडखोरी-बिंडखोरीचा काही संबंध नाही. आणि ज्यांना लवकर दुकान उघडं मिळालं त्यांच्यात पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा दारूचे त्रास जास्त आढळले. त्यामुळे मी म्हणेन, वय थोडं खूण आहे आणि थोडं कारणही आहे.

आपल्याकडे हा प्रयोग सीमेवर रोजच चाललाय. महाराष्ट्रात बियरला २१ आणि कडक दारूला २५, बांदा ओलांडून गोव्यात गेलं की १८. सावंतवाडीच्या कॉलेजातल्या पोराला हे पाठ असतं, इतिहासाच्या सनावळ्या नसतील. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरचे साधारण १४ टक्के पुरुष दारू घेणारे निघाले, गोव्यात जवळजवळ ३७. बायका महाराष्ट्रात अर्धा टक्कासुद्धा नाहीत, गोव्यात साडेपाच. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच मासे, तोच भात, नातीगोती एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे हा फरक रक्तातला म्हणता येणार नाही.

मग लोक विचारतात, इटालियनांसारखं आपणच घरात पोराला थोडी थोडी दिली तर? बाहेर जाऊन चोरून पिण्यापेक्षा बरं ना. शिकलेले, समंजस बापसुद्धा हे म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९२७ मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून हेच तपासलं, निकाल २०१८ मध्ये आला. आईबापांनी दिल्याने कसलंही संरक्षण मिळालं नाही, उलट ज्यांना घरून मिळाली त्यांना पुढे बाहेरूनही मिळवण्याची शक्यता जास्त. मला याचा अर्थ असा लागतो की इटालियन घरात पोराला वाचवणारी गोष्ट ग्लासातली वाइन नव्हतीच. तिथे आजी टेबलावर होती, ताटात जेवण होतं, झिंगणाऱ्याला मान नव्हता. आपण ते सगळं सोडून नुसता ग्लास उचलला आणि पोराच्या हातात दिला तर काय उपयोग? बाप स्वतः मांगरामागे क्वार्टर लावतो आणि पोराला घरात 'जबाबदारीने' बियर देतो, पोरगा शिकणार कोणाकडून?

वातावरण बदललं तर काय होतं याचं मोठं उदाहरण आइसलँड. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के पोरं महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असायची, २०१६ मध्ये हे ५ टक्क्यांवर आलं. व्याख्यानं देऊन नाही. पोरांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर फिरायचं नाही, आईबापांनी गट करून रात्री रस्त्यावर फेऱ्या मारायच्या, आणि खेळ-संगीताच्या क्लासला सरकारने पैसे द्यायचे, म्हणजे संध्याकाळी पोरांना जायला दुसरी जागा झाली. आमच्याकडे ही जागा पूर्वी होती की, भजन मंडळ, दशावताराच्या तालमी, कबड्डी. डबलबारीला बुवाच्या मागे झांज घेऊन बसलेला पोरगा रात्री दोनपर्यंत जागायचा पण शुद्धीत. (बुवांचं काय ते विचारू नका.)

आणि आइसलँड कशाला, आपला श्रावण बघा ना. गटारीला लोळलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवत नाही. लिव्हर तेच, पैसे तेवढेच, दुकान उघडंच. कॅलेंडरचं पान उलटलं आणि बरोबरचे कोणी बसत नाहीत, एवढ्यावर जमतं. तसंच माळेचं. वारकरी माळ घातलेल्याला आमच्याकडे कोणी आग्रह करत नाही, नुसतं गळ्याकडे बघतात आणि ग्लास त्याला वगळून पुढच्याकडे सरकवतात. 'मी सोडलीय' म्हणणाऱ्याला दहा जण भरीस पाडतात, माळवाल्याला एकही नाही. त्याने स्वतःला बदललं असेल नसेल, आजूबाजूच्यांना त्याने एका झटक्यात बदललं.

पण श्रावणात ज्याला जमत नाही त्याच्याशी चेष्टा करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या सुस्तीशी बरोबरी करायला स्वतःला कायम ताणलेल्या तारेसारखं ठेवलेलं असतं, दारू एकदम काढून घेतली की ती तार मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम, झोप नाही, झटके येतात, आणि दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसं दिसायला लागतात. घरचे म्हणतात बाहेरचं झालं आणि गाऱ्हाणं घालायला धावतात. गाऱ्हाणं घाला, पण आधी गाडी काढून दवाखान्यात न्या, यात माणूस जातो. अशा माणसाने डॉक्टरला विचारूनच सोडायची असते. १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे, पिणाऱ्याच्या बायकोने किंवा आईने केला तरी चालतो.

आमच्या पाचातल्या त्या माळवाल्याची गोष्ट राहिलीच. तो अजून येतो आमच्यात. मांगर पडला, आता आम्ही माझ्याच खळ्यात बसतो, तो कोकम सरबताचा तांब्या घेऊन मधोमध बसतो आणि एकेक घोट इतका सावकाश घेतो की बघून राग येतो. गप्पा त्याच्याच जास्त. गेल्या मे महिन्यात बारा वाजता उठलो तेव्हा बाटलीत जवळजवळ अर्धी शिल्लक होती, हे आमच्या इतिहासात पहिल्यांदाच. मग ती कोणी घरी न्यायची यावर अर्धा तास वाद, कारण घरी तर आमच्यातलं कोणीच घेत नाही ना.